रिबका, तुझी टिंबं

रिबका, जाता जाता तू मला काम लावून गेलीस. तुझ्या स्वभावाला धरूनच झालं म्हणा. पण हे काम भांडल्याशिवाय होण्यातलं नाही, आणि भांडायला आता तू नाहीस.

तुला विमानानं मुंबईला नेलं, तिथून अलिबागकडे, तुमच्या लोकांच्या दफनभूमीत, शमुवेल भाऊजींच्या शेजारी. मला येता आलं नाही. गुडघ्यांनी आणि ब्लडप्रेशरनं मिळून मला इथे दुबईत, डिस्कव्हरी गार्डन्समधल्या घरातच बसवून ठेवलं. तुझा बेनी तिकडचं सगळं उरकून परतला आणि एका संध्याकाळी जिना उतरून माझ्याकडे आला. चहा नको म्हणाला आणि मग दोन कप प्यायला. नंतर फोन पुढे केला. तू वर्षभर तुझ्या नातीला, तालियाला, व्हॉइस नोट्स पाठवत होतीस, त्या सगळ्या त्यात होत्या. त्या मी ऐकून उतरवून काढाव्यात, नीट लावाव्यात आणि तू गेल्याला महिना होईल त्या दिवशीच्या प्रार्थनेला येणाऱ्यांच्या हातात एक छोटं पुस्तक द्यावं, असं त्याच्या मनात होतं. देऱ्यात छापखाना चालवण्यात जन्म घालवलेली बाई मी, नाही कुठल्या तोंडानं म्हणणार होते?

मला वाटलं होतं, पाच-पंचवीस मिनिटांचं प्रकरण असेल. अगं, तू तर काय काय बोलून ठेवलंयस. तालियाला शाळेत कुणीतरी विचारलं होतं की तुमचं पवित्र पुस्तक कुणी लिहिलं, आणि तिनं ते तुझ्याकडे पुढे ढकललं, ‘आजी, हू रोट इट?’ दुसरी कुठली आजी असती तर ‘देवानं’ म्हणून मोकळी झाली असती. तू म्हणालीस, ‘बाळा, पुष्कळ जणांनी, पुष्कळ काळ,’ आणि जी सुरू झालीस ती शेवटच्या आजारापर्यंत. मागे कुकरच्या शिट्ट्या, मध्येच ‘थांब गं, खोबऱ्याचं दूध उतू जाईल’, मध्येच खोकला. मी एका हातानं लिहीत होते आणि दुसऱ्यानं डोळे पुसत होते. चष्म्याची पार वाट लागली.

सगळं सुरळीत चाललं होतं आणि मग ती एक गोष्ट दुसऱ्यांदा आली. भाऊजींची आई तिकडे इस्राएलमध्ये वारली तेव्हा भाऊजी मातीला गेले नाहीत, ती गोष्ट. पहिल्यांदा सांगितलीस तेव्हा न जाण्याचं भाऊजींनी स्वतः ठरवलं होतं. दुसऱ्यांदा सांगितलीस तेव्हा तू त्यांना अडवलं होतंस. ज्या एका गोष्टीसाठी बेनीनं बापाला आयुष्यभर माफ केलं नाही, नेमकी तीच. आता पुस्तकात कुठली घालू मी?

तू असतीस तर गालात हसली असतीस. म्हणाली असतीस, कमळे, आता कळेल तुला.

आपली ओळखच मुळी अशा घोळातून झाली होती. खाडीच्या अंगाला, गलबतं लागतात तिथून आत दोन गल्ल्या सोडून आमचं दुकान. व्हिजिटिंग कार्डं, हॉटेलांची मेन्यूकार्डं, आपल्या लोकांच्या लग्नपत्रिका. आमचे हे मशीनवर आणि मी प्रुफांवर. तू शाळेत लायब्ररियन होतीस. घरी मलिदा, तुमच्यातला तो प्रार्थनेचा आणि प्रसादाचा विधी, करणार होतीस आणि त्या दिवशी वाटायला काही जुन्या गोष्टींची चारपानी पुस्तिका मराठीत छापून हवी होती. त्यात नोहाचं तारू होतं. एका ठिकाणी लिहिलेलं, प्रत्येक प्राण्याची एकेक जोडी तारवात घे. चार ओळी पुढे गेलं की शुद्ध प्राण्यांच्या सात-सात जोड्या. मी लाल पेनानं गोल केला आणि समासात लिहिलं, ‘एक की सात? लेखकाने ठरवावे.’

तू प्रूफ बघितलंस आणि तोंडावर पदर धरून हसत सुटलीस. मला राग आला. आपण इमानानं काम करावं आणि गिऱ्हाइकानं हसावं म्हणजे काय. मग तू स्टूल ओढून बसलीस आणि म्हणालीस, ‘ही चूक नाही हो बाई. ही शिवण आहे.’

त्या दिवशी दुकानातली दोन कामं माझी राहिली, पण तू सांगितलेलं मी विसरले नाही. ही गोष्ट मुळात दोन घरांत दोन तऱ्हांनी सांगितली जायची. दोन काळ, दोन जागा, दोन वेगळे लोक. पुढे कधीतरी एका माणसाच्या पुढ्यात दोन्ही आल्या. एक ठेवून दुसरी टाकायची त्याची छाती झाली नाही. मग त्यानं त्या एकमेकींत गुंफल्या, दोन जुन्या लुगड्यांची एक गोधडी करावी तशा. काठ जुळत नाहीत तिथे शिवण दिसते, एवढंच. हे जाणत्या लोकांनी ओळी पारखून काढलेलं अनुमान आहे, कुणी डोळ्यांनी बघितलेलं नाही, हेही तू लगेच सांगितलंस. तुझं हे मला फार आवडायचं. जे माहीत आहे ते माहीत आहे म्हणायचीस आणि तर्क असेल तर तर्क म्हणायचीस.

मी म्हटलं, आमच्या धंद्यात अशी शिवण दिसली तर गिऱ्हाईक माल परत करतं. तू म्हणालीस, आमचं गिऱ्हाईक दोन-अडीच हजार वर्षं माल घेतंय, अजून परत आलेला नाही.

तोवर मी तुला ख्रिश्चन समजत होते. नाव रिबका, नवऱ्याचं शमुवेल, आणि आडनावाला आपल्यासारखंच गावाचं ‘कर’. त्या वेळी या देशात इस्राएलचं नाव काढायची सोय नव्हती, म्हणून तुम्ही उघडपणे कुणाला सांगतही नव्हता. बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू, हा शब्द मी तुझ्याच तोंडून पहिल्यांदा ऐकला. कोकणात घाण्यावर तेल गाळणारे, शनिवारी घाणा बंद ठेवणारे, म्हणून गाव तुम्हाला शनवार तेली म्हणायचं. मासळी बाजारात माझ्याबरोबर यायचीस तेव्हा खवले नाहीत त्या मासळीकडे ढुंकून बघायची नाहीस. मी कोळंबी घेतली की दोन पावलं लांब उभी राहायचीस आणि वर मलाच विचारायचीस, किलो बरोबर केलं का त्यानं. तुमचे पूर्वज गलबत फुटून कोकणच्या किनाऱ्याला लागले आणि त्यांची पोथ्यापुस्तकं समुद्रात गेली, ही तुमच्याकडची जुनी कथा तू सांगायचीस तेव्हा तुझा आवाज बदलायचा. पुस्तक नाही, भाषा विसरलेली, राहिलं काय तर एक छोटी प्रार्थना, शनिवार, पोरांची सुंता आणि मासळीचे खवले. ‘एवढ्यावर आम्ही कैक पिढ्या काढल्या,’ तू म्हणायचीस. ‘म्हणून पुस्तक आधी नसतं गं कमळे. माणसं आधी असतात.’

पुस्तक नसलेल्या लोकांतली तू, आणि पन्नाशीनंतर हिब्रू शिकलीस. भिंग घेऊन, एकेक अक्षर. मी तर या वयात नवा रिमोटसुद्धा शिकत नाही. तुझ्या पाठीवर थाप मारायची राहून गेली ती गेलीच. तोंडावर तुझं कौतुक केलं असतं तर तू चढून बसली असतीस, म्हणून मी हात आखडता घेतला. आता करते. तुझ्यासारखी डोक्यानं लख्ख बाई मी दुसरी बघितली नाही.

देऱ्यातलं भाडं परवडेना म्हणून आम्ही छापखाना दुबईबाहेर, उम्म अल कुवैनच्या इंडस्ट्रियल एरियात हलवला, तेव्हा तू शनिवार सोडून कधीही तिकडे उगवायचीस. काम आटोपलं की आपण पाण्याकाठी जाऊन बसायचो. तिथली शांतता तुला मानवायची. तिथेच एकदा तू बाबेलच्या बंदिवासाची गोष्ट सांगितलीस, जी तालियालाही पुढे सांगितलीस, जवळजवळ त्याच शब्दांत. यरुशलेम पडलं, मंदिर जळलं, राजाला धरून नेलं आणि शहाण्यासुरत्या लोकांना उचलून परमुलखात नेऊन ठेवलं. तिथे ते काही उपाशी मेले नाहीत. कामधंदा मिळाला, घरं झाली, पोरंबाळं झाली. आणि ती पोरं आईबापांना तिथल्या भाषेत उत्तरं द्यायला लागली. मग मोठी माणसं एकमेकांना विचारायला लागली. मंदिर नाही, राजा नाही, आता पोरांच्या हातात द्यायचं काय? ज्याच्या-त्याच्या गाठोड्यात जे होतं ते निघालं. कुणाकडे गाणी, कुणाकडे कायदे, कुणाकडे वंशावळी, कुणाकडे चिडलेल्या संदेष्ट्यांची बोलणी. आधीही थोडंबहुत लिहिलेलं होतंच, पण गोळा करून, लावून, जोडून ठेवायची खरी घाई तिथे झाली.

‘माणूस परदेशात आल्याशिवाय आजीच्या गोष्टी लिहून काढत नाही,’ तू म्हणालीस.

मी म्हटलं, मी तर येताना फक्त लोणच्याची बरणी आणली होती. तू म्हणालीस, ती तरी कुठे टिकली, तुझ्या ह्यांनी महिन्यात संपवली.

पण खरं भांडण आपलं अक्षरांवरून. जुनी हिब्रू नुसत्या व्यंजनांची, काना-मात्रा-वेलांटी काही नाही, हे तू मला सांगितलंस तेव्हा मी हबकलेच. तू कागदावर क, म, ल अशी तीन अक्षरं लिहिलीस आणि म्हणालीस, आता वाच. कमल वाच, कमाल वाच, कोमल वाच, तुझी मर्जी. ‘मात्र तुला ओळखणारा कुणी कोमल वाचायचा नाही.’ दुकानाच्या पाट्यांवरची अरबी तशीच असते हे मला माहीत होतं, पण देवाच्या पुस्तकाचंही असं असावं याचा मला धक्का बसला. मग वाचायचं कसं, तर तोंडपाठ होतं म्हणून. बापानं पोराला शिकवलं, पोरानं त्याच्या पोराला. शेकडो वर्षांनी जाणत्यांनी अक्षरांच्या खाली-वर टिंबं आणि रेघा देऊन ते उच्चार बांधून ठेवले. मूळ अक्षराला मात्र हात लावला नाही. एखाद्या ठिकाणी अक्षरं एक सांगतात आणि परंपरेनं वाचतात दुसरंच, तिथेही आत तसंच ठेवलं आणि समासात लिहिलं, असं वाचा. देवाचं नाव तर लिहायचं एक आणि उच्चारायचं भलतंच.

मी म्हटलं, हा काय गलथानपणा. चूक दिसते आहे तर दुरुस्त करावी ना? तू शांतपणे विचारलंस, तुमच्या मराठीत नव्हतं का असं? होतं की. जुन्या मराठीत डोक्यावर अनुस्वार असायचे, लिहायचे पण उच्चारायचे नाहीत. माझ्या वडिलांच्या पत्रांत असायचे. नियम बदलले आणि एका फटक्यात सगळे गेले. मी स्वतः कित्येक जुन्या मजकुरांतले खोडलेत, हात सफाईनं चालायचा. तू म्हणालीस, ‘ते टिंब म्हणजे तिथे कधीकाळी कुणीतरी नाकात बोलत होतं याची खूण होती. तुम्ही ती पुसलीत. आमच्यांनी ठेवली.’ मी उठून चहा टाकला.

त्यानंतरच तू मला एज्राच्या टिंबांची गोष्ट सांगितलीस. तोरामध्ये, तुमच्या पवित्र ग्रंथाच्या पहिल्या पाच पुस्तकांत, काही मोजके शब्द असे आहेत की त्यांच्या डोक्यावर टिंबं आहेत, उच्चाराची नाहीत, नुसतीच. कशासाठी, कुणालाच धड ठाऊक नाही. तुमचे जुने गुरू सांगत, परमुलखातून परतल्यावर एज्रा शास्त्र्यानं ज्या शब्दांबद्दल शंका होती त्यांच्यावर ती दिली. तुम्ही ज्यांच्या परत येण्याची वाट बघता ते एलियाहू नबी उद्या आले आणि म्हणाले, हे का लिहिलंस, तर एज्रा म्हणणार, बघा, मी टिंब देऊन ठेवलंच होतं. आणि ते म्हणाले, बरोबर लिहिलंस, तर म्हणणार, मग टिंब पुसतो. ज्या एलियाहू हन्नबीच्या नावानं तुम्ही मलिदा करता, पोहे-खोबऱ्याचं ताट मांडता, त्यांच्यासाठी त्यानं प्रश्न राखून ठेवला होता. केवढी ही नम्रता, तू म्हणालीस. मी म्हटलं, केवढा हा लबाडपणा, दोन्हीकडून सुटायची सोय. त्यावरून आपलं जे वाजलं ते शेवटपर्यंत मिटलं नाही. माझं म्हणणं एवढंच होतं की एवढ्या हातांनी जोडलेलं, वाढवलेलं, शिवलेलं असेल तर ते पवित्र कसं? आणि तुझं म्हणणं, एवढ्या हातांत गेलं आणि कुणी टाकलं नाही, म्हणून. राजांची कहाणी पुन्हा लिहिताना कुणीतरी दावीद राजाचं परस्त्रीचं पाप वगळलं, हे तू मला दाखवलंस. पण पाप सांगणारं आधीचं पुस्तक कुणी फाडलं नाही. दोन्ही आहेत, एकाच संग्रहात. हा मुद्दा तू जिंकलीस हे मी कबूल केलं नव्हतं. आजही अर्धाच करते.

आणि आता त्या दोन व्हॉइस नोट्स.

पहिलीत तू अगदी सरळ सांगतेस. बेनी लहान असताना तू आणि भाऊजी इकडे आलात, आणि तो शाळेत जायच्या वयाचा होईपर्यंत कोकणात आजीकडे राहिला. तिनंच त्याला वाढवलं. पुढे बेनी तुमच्याकडे इकडे आला आणि आजी धाकट्या मुलाबरोबर इस्राएलला गेली. काही वर्षांनी फोन आला की ती गेली. तू म्हणतेस, ‘तुझ्या आजोबांनी फोन ठेवला आणि म्हणाले, जायचं नाही. पासपोर्टवर तिकडचा शिक्का बसला तर इथली नोकरी खलास. आणि ऑफिसला निघून गेले.’ बेनीनं हे घरात आयुष्यभर ऐकलं. आजी गेली तेव्हा तो शाळेत होता. त्यानंतर त्यानं बापाला कधी पप्पा म्हणून हाक मारलेली मी ऐकली नाही. भाऊजी गेले तेव्हा सगळे विधी त्यानं केले, कोरड्या डोळ्यांनी. पुढे दरवर्षी तू त्यांच्यासाठी प्रार्थना ठेवायचीस आणि बेनीची नेमकी त्याच दिवशी मीटिंग निघायची.

दुसरी तू आजारी पडल्यावरची. आवाज बारीक झालाय, शब्द मात्र ठाम. ‘तालिया, मी तुला मागे एक गोष्ट सांगितली होती. ती अशीपण आहे. आजोबांनी बॅग काढली होती. कपडे भरले होते. मी दारात उभी राहिले. म्हटलं, गेलात आणि परत येऊ दिलं नाही तर मी या पोराला घेऊन काय करू? त्यांनी बॅग परत माळ्यावर ठेवली. लोकांना सांगितलं, मीच नको म्हटलं. मला त्याबद्दल आयुष्यात एका शब्दानं बोलले नाहीत.’

रिबका, ‘ती अशीपण आहे’ हे मी पुन्हा पुन्हा ऐकलं. खरं काय ते सांगायचं असतं तर ‘ती खोटी होती’ म्हणाली असतीस. तू शब्द तोलून वापरणारी बाई. मग भाऊजींना मुलाच्या रागातून सोडवायला तू मरता मरता दुसरी गोष्ट रचलीस, की स्वतःला वाचवायला इतकी वर्षं पहिली चालवलीस? मला तू यातलं काहीच सांगितलं नव्हतंस. तो फोन आला त्या दिवशी तू दुकानात आली होतीस, एवढं मला मागून हिशेब लावल्यावर आठवलं. स्टुलावर बसलीस, चहा घेतलास, लग्नपत्रिकांचे नमुने उलटे-पालटे केलेस आणि उठून गेलीस. तुझी सासू गेल्याचं मला पुष्कळ दिवसांनी दुसऱ्याच कुणाकडून कळलं.

मी बेनीला बोलावून घेतलं आणि सांगितलं, अशा दोन आहेत, ऐक. पहिली ऐकताना तो मान हलवत होता, ओळखीची होती. दुसरी संपल्यावर खिडकीशी जाऊन उभा राहिला. खालून मेट्रो गेली तरी तिथेच.

मग म्हणाला, ही आत्ता बनवलीय तिनं, त्यांना वाचवायला. थोड्या वेळानं स्वतःच म्हणाला, नाहीतर मग आधीची बनवलेली होती. मला विचारलं, मावशी, तू तर तेव्हा होतीस, तुला माहीत असणार. मी जे आठवत होतं तेवढंच सांगितलं. तो म्हणाला, दुसरी काढून टाक, आईचं नाव खराब होतं. मी बरं म्हटलं. दुसऱ्या दिवशी ऑफिसमधून फोन, पहिली काढून टाक, फेअर नाहीये ते. तालिया इथेच बसली होती. तिनं मला विचारलं, ‘बट विच वन इज ट्रू, कमलआजी?’ मी म्हटलं, मला ठाऊक नाही गं.

काढून टाकणं म्हणजे काय, माझ्यासाठी एक रेघ. जन्मभर तेच केलं. पण या वेळी हात चालेना. पहिली काढायला गेले तर त्यात भाऊजींचं ते फोन ठेवणं होतं, ऑफिसला निघून जाणं होतं, तू इतकी वर्षं मनात धरून ठेवलेलं. दुसरी काढायला गेले तर ती माळ्यावर परत गेलेली बॅग. दोन्ही तुझ्याच आवाजात, दोन्ही तूच दिलेल्या. तारवाच्या दोन गोष्टी पुढ्यात घेऊन बसलेल्या त्या माणसाबद्दल मला पहिल्यांदा माया वाटली. मी त्याच्यासारख्यांना गलथान म्हटलं होतं. तो घाबरलेला असणार गं. आपल्या हातून कुणाचं तरी बोलणं कायमचं बंद होईल म्हणून.

मी बेनीला फोन करून एज्राच्या टिंबांची गोष्ट सांगितली. तुझ्याइतकी चांगली सांगता आली नाही, मध्येच एलियाहू नबींच्या नावाशी अडखळले. संध्याकाळी मेसेज आला, ‘दोन्ही ठेव.’

मग माझा धंद्यातला प्रश्न. टिंबं द्यायची कुठे? मराठीत अक्षराच्या वर दिलं तर अनुस्वार होतो, खाली दिलं तर नुक्ता. तुझ्या ‘आजोबां’ना आणखी एक अनुस्वार चिकटला असता. तू असतीस तर यावर अर्धा तास हसली असतीस. शेवटी दोन्ही गोष्टी एकापुढे एक ठेवल्या, मध्ये जोडणारं एक वाक्यही घातलं नाही, आणि समासात दोन्हींच्या शेजारून टिंबांची एकेक उभी ओळ सोडली. जिथे तू ‘अशीपण आहे’ म्हणतेस ते तसंच राहिलं, ‘पण’ ‘अशी’ला जोडूनच. व्याकरणानं मला टोचलं, मी ऐकलं नाही.

महिन्याची प्रार्थना बेनीच्या हॉलमध्ये झाली. प्रार्थनेला लागतात तेवढे दहा पुरुष जमले, बायका आत-बाहेर. मी कोपऱ्यातल्या खुर्चीत. पुस्तकं वाटली तेव्हा पानं उलटण्याचा आवाज होत होता आणि त्या दोन गोष्टींपाशी तो थांबत होता, हे मला बसल्या जागी कळत होतं.

प्रार्थना म्हणणाऱ्या काकांनी गेलेल्यांची नावं विचारली. बेनीनं तुझं नाव सांगितलं. काका पुढे म्हणायला लागणार, तेवढ्यात त्यानं हात वर केला आणि भाऊजींचं नाव सांगितलं. मग आजीचं, सेगुला. काकांनी तिन्ही नावं घेतली. ती घेताना तो रडला रिबका, शाळकरी पोरासारखा, तोंड न झाकता. तालियानं त्याचा हात धरला होता.

लोक जेवायला बसले तेव्हा तो माझ्यापाशी आला. हातात पुस्तक होतं, त्याच पानावर उघडलेलं. एका बोटानं पहिली गोष्ट दाखवली, मग दुसरी.

‘मावशी,’ तो म्हणाला, ‘ह्या दोन्हींत पप्पांची आई गेलीय. माझी आजी म्हणून मी एवढा रागावलो होतो, आणि त्यांची आई गेली होती हे मला कधी दिसलंच नाही.’